खाजण : खेकड्याचे बीळ आणि गावाचा बांध

समुद्राची भरती दिवसातून दोनदा जिच्यावरून सहज फिरली असती, अशा सखल जमिनीत भात पिकवण्याची रीत कोकणपट्टीत फार जुनी आहे. गोव्यात या जमिनीला खाजण म्हणतात, रायगड-ठाण्याकडे खार किंवा खारजमीन, आणि कर्नाटकात अघनाशिनीच्या काठी गजनी. मुंबईतले खार, खारदांडा ही नावेही याच शब्दाची. नाव कोणतेही असो, मांडणी सारखीच असते: खाडीच्या बाजूला चिखलाचा बांध, बांधात आपोआप मिटणारे दार, दारामागे पाणी साठण्यासाठी खोलगट जागा आणि तिच्या पाठीमागे भरतीच्या पातळीपेक्षा खाली पसरलेली शेते. गोव्यातील खाजणांचे क्षेत्र साधारण १८,००० हेक्टर धरतात. ३,७०२ चौरस किलोमीटरच्या राज्यात हे प्रमाण शेकडा पाचच्या आसपास येते. पण चांगली भातशेती, मासळी आणि मीठ या तिन्ही गोष्टी याच पट्ट्यातून येत असल्यामुळे गावाच्या जमाखर्चात त्याचे वजन क्षेत्रफळाच्या मानाने कितीतरी जास्त होते.

गोव्याच्या नद्यांचा उतार शेवटच्या टप्प्यात इतका कमी आहे की मांडवी आणि जुवारीत भरतीचे पाणी मुखापासून ४० किलोमीटरांहूनही आत चढते. उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतील फरक दोन मीटरांच्या वर जातो, भांगाच्या दिवसांत तो बराच कमी असतो. या चढउतारात नदीने आणलेला गाळ काठाला बसतो आणि त्या गाळावर पहिली वस्ती होते ती कांदळवनाची: पाण्याच्या बाजूला चिपी आणि कांदळ, जरा आत तिवर, त्यांच्या पायाशी काटेरी मारांडी. कांदळाची मुळे कमानीसारखी वरून खाली येतात, तिवराची श्वासमुळे चिखलातून पेन्सिलीसारखी वर डोकावतात. दोन्हींमुळे पाण्याचा वेग मंदावतो आणि आणखी गाळ खाली बसतो, म्हणजे झाड आपल्या पायाखालची जमीन स्वतःच वाढवत जाते.

गळलेले पान इथे वाया जात नाही. खेकडे काही पाने ओढून बिळात नेतात, उरलेल्यांवर जिवाणू आणि बुरशी चढते, पान मऊ होऊन त्याचा चुरा होतो आणि तो चुरा कोळंबी, शेवटे, निवट्या यांच्या पोटात जातो. त्यांना खाण्यासाठी चोणक आणि तांबोशी भरतीबरोबर आत शिरतात. एक नांगी अवाढव्य असलेले चिमुकले खेकडे चिखलाला इतकी भोके पाडतात की एरवी प्राणवायूअभावी काळा पडलेला तो राडा थोडाफार श्वास घेऊ लागतो. कांदळवनात बीळ हे उपकारक असते. त्याच चिखलाचा बांध झाला की तेच बीळ घातक ठरते, आणि खाजणाचा सगळा इतिहास या एका उलटापालटीभोवती फिरतो.

बांध पहिल्यांदा कोणी घातला, हे सांगणारा लेख नाही. पण गोव्यातील भोज राजांच्या आणि कोकणच्या मौर्यांच्या ताम्रपटांत ‘खज्जन’ हा शब्द येतो, आणि हे ताम्रपट साधारण पाचव्या ते सातव्या शतकांतले आहेत. मौर्य राजा अनिर्जितवर्मा याच्या बांदोड्याच्या ताम्रपटात दान दिलेली खज्जन जमीन जंगल तोडून आणि खारे पाणी अडवून लागवडीखाली आणण्याची योजना दिसते. राजा जमिनीचे दान करत होता म्हणजे प्रत्यक्षात कामाचे दान करत होता, कारण बांध घातल्याशिवाय त्या जमिनीला किंमत नव्हती. एवढा सराईत उल्लेख नव्या शोधाचा असत नाही. लेखात येण्याआधी ही विद्या चिखलात उभ्या राहणाऱ्यांच्या हाताला बसलेली असणार. गोव्यातली लोकपरंपरा हे श्रेय गावडा समाजाला देते.

बांध घालण्याची कृती वरवर साधी दिसते. ओहोटीच्या वेळी चिखलाचे घट्ट गोळे काढायचे, पेंढा, फांद्या आणि बांबू यांच्या आधाराने ते रचायचे, थर वाळू द्यायचा आणि पुढचा चढवायचा. लाटेचा मारा असेल तिथे बाहेरच्या अंगाला जांभा दगड. कोरडा दगडी बांध इथे चालत नाही, कारण खालचा गाळ दबतो आणि दगडी भिंतीला तडा जातो. चिखलाचा बांध जमिनीबरोबर बसतो आणि वरून पुन्हा उचलता येतो. मुख्य बांधाच्या बाहेर कांदळाची एक रांग मुद्दाम राखलेली असे. ती लाट मोडते आणि गाळ धरते. मात्र तेच रोप बांधाच्या अंगावर रुजले तर उपटून टाकावे लागते, कारण मूळ आत घुसते, पुढे झाड मेले की मुळाच्या जागी पोकळी राहते आणि पाण्याला आयता रस्ता मिळतो. कोणते झाड ठेवायचे आणि कोणते काढायचे, याचा निवाडा जातीवरून होत नसे. ते कुठे उगवले आहे, यावरून होई.

बांधातल्या दाराला गोव्यात मानस म्हणतात, रायगडकडे उघाडी. जाड लाकडी फळ्यांची ही झडप बाहेरच्या बाजूला उघडेल अशी बसवलेली असते. ओहोटी लागून खाडीची पातळी आतल्या पाण्यापेक्षा खाली गेली की आतले पाणी झडप ढकलून बाहेर पडते, आणि भरती चढू लागली की खाडीचेच पाणी झडपेला दाबून बंद करते. कोणी चावी फिरवायची नाही की दोर ओढायचा नाही. मानशीच्या आत असलेल्या खोलगट तळ्याला पोंय म्हणतात. झडप बंद असताना शेतातून उतरणारे पावसाचे पाणी तिथे थांबते आणि ओहोटीची वाट पाहते. पोंय गाळाने भरली तर एका जोरदार पावसात शेत बुडते, म्हणून तिची खोली जपणे हे बांध जपण्याइतकेच महत्त्वाचे काम होते.

आता ते बीळ. चिखलातला मोठा खेकडा, म्हणजे गोव्याची कुर्ली किंवा रायगडची चिंबोरी, बांधाच्या बाहेरच्या अंगाला पाण्याच्या रेषेजवळ कोरू लागतो. बीळ तिरपे आत जाते. आतल्या अंगाने उंदीर पोखरत असेल तर दोन्ही बिळे कधीतरी जवळ येतात. भरतीच्या वेळी आतल्या उतारावर बोटाएवढी ओल दिसते, मग पाण्याची बारीक धार. पाणी स्वच्छ येत असेल तर घाई नाही. ते गढूळ येऊ लागले की बांध आतून वाहतो आहे असे समजायचे. अशा वेळी बाहेरच्या बाजूचे तोंड शोधून त्यात घट्ट चिखल पायाने दाबत भरतात. वेळीच झाले तर हे एका माणसाचे घडीभराचे काम. चुकले आणि वर अमावास्येचे उधाण आले, तर पाणी त्या भोकाच्या कडा खात जाते, वरचा भाग खाली बसतो आणि भगदाड पडते. रायगडच्या खारेपाटात याला खांड पडणे म्हणतात. खांड बुजवायला मग सगळा गाव लागतो, तेही ओहोटीच्या मोजक्या तासांत, आणि एकदा खारे पाणी शेतात पसरले की पुढची दोन-तीन वर्षे पीक धड येत नाही. सरकारी कागदांत अशा जमिनीला समुद्रातून काढलेली जमीन म्हणण्याची पद्धत आहे. प्रत्यक्षात ती उसनी घेतलेली असते आणि तिचा हप्ता रोज बांधावरून एक फेरी मारून फेडावा लागतो.

खेकड्याला आवर घालणारे प्राणीही याच जागी राहत. पाणमांजरे, ज्यांना गोव्यात हुदे म्हणतात, खेकडे आणि मासे दोन्ही खातात. चोडण-दिवाडीच्या खाजणांत आणि कांदळवनांत त्यांचे कळप आजही दिसतात, आणि त्यांच्या विष्ठेत खेकड्याच्या कवचाचे तुकडे सहज ओळखू येतात. पण पाणमांजर ही काही शेतकऱ्याची नोकर नव्हे. ती स्वतःही अनेकदा बांधाच्या पोटात घर करते. उंदरांमागे धामण येते, मासळीमागे बगळे, खंड्या आणि ब्राह्मणी घार. त्यांतला कोणताही प्राणी बांध राखण्यासाठी येत नाही, तरी त्यांच्या येण्याजाण्यातून बिळांची संख्या काहीशी ताब्यात राहते. उरलेले काम माणसाचे.

माणूस आणि खाडी यांच्यातला सर्वांत चमत्कारिक करार मगरीशी झालेला आहे. मांडवी आणि जुवारी यांना जोडणाऱ्या कुंभारजुवे कालव्यात मगरी राहतात. ही मूळ गोड्या पाण्यातली जात, पण इथल्या मचूळ पाण्याला सरावलेली. फोंडा तालुक्यातील दुर्भाट, भोम अशा खाजणकाठच्या गावांत पौष अमावास्येला बांधावर चिखलाची मगर थापतात. गोव्यात मगरीला मानगे म्हणतात, म्हणून या विधीचे नाव मानगेथापणी. अंगावर शिंपले खोचून खवले करतात, फुले वाहतात, काही गावांत पोटात अंडे किंवा कोंबडीचे पिल्लू ठेवतात. मगरीने आणि तिच्या मागे असलेल्या पाण्याने बांध सांभाळावा, माणसाला इजा करू नये, अशी ही विनवणी. विधीची वेळ पाहण्यासारखी आहे. भात घरात आलेले असते, बांध उघडा दिसतो, अमावास्येचे उधाण असते आणि विधीसाठी का होईना सगळा गाव बांधावर पोचतो. बांधाची पाहणी करायला याहून सोयीचा दिवस काढणे कठीण.

खाजणाचे वर्ष पावसाने सुरू होते. वैशाखात पाणी उपसून जमीन वाळवतात, ढेकळे उलटी पाडतात. उन्हाळ्यात खालचे मीठ ओलीबरोबर वर आलेले असते. ज्येष्ठ-आषाढाचा पाऊस ते विरघळवून मानशीवाटे बाहेर नेतो किंवा खोल जिरवतो. नदीचे पाणीही या दिवसांत वरच्या थरात जवळपास गोडे होते, त्यामुळे खाडीची धास्ती तात्पुरती कमी आणि पुराची वाढलेली असते. मग मोड आणलेले बी फेकतात, ज्याला कोकणात रहू म्हणतात. रोपे उपटून लावण्यापेक्षा ही पद्धत खाऱ्या जमिनीला मानवते.

जातीही तशाच निवडलेल्या. गोव्यात कोरगुट, रायगडकडे राता आणि त्याचे काळा राता, भुरा राता हे भाऊबंद. ही भाते उंच वाढतात, काही दिवस पाण्यात उभी राहिली तरी कुजत नाहीत आणि थोडा खारेपणा सहन करतात. उत्पन्न संकरित जातींच्या मानाने कमी. पण या शेतांना शेणखत किंवा रासायनिक खत घालण्याची फारशी गरज पूर्वी पडत नसे, कारण खत वर्षाच्या दुसऱ्या अर्ध्यात आपोआप येत असे.

तो दुसरा अर्धा भाग कापणीनंतर सुरू होतो. आता झडप उलटी वापरायची: भरतीच्या वेळी थोडी उघडी धरून खारे पाणी आत घ्यायचे. त्या पाण्याबरोबर कोळंबीची पिल्ले, शेवटे, काळुंदर आणि चोणकाची बारीक पोरे आत येतात. शेतात उभे राहिलेले धसकट खाऱ्या पाण्यात कुजते, त्यावर शेवाळ आणि सूक्ष्म जीव वाढतात, शेवटे ती साय खरवडून खातात, चोणक शेवट्यांना खातो. गोड्या पाण्यातले तण मिठाने मरते, उंदीर जागा सोडून जातात, आणि मासळीची विष्ठा व भरतीचा गाळ मिळून पुढच्या भाताची सोय होते. धसकटावर पोसलेली कोळंबी आणि कोळंबीच्या मळावर पोसलेले भात: दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेले नसते, कारण एकाचा हंगाम संपल्यावरच दुसऱ्याचा सुरू होतो.

रायगडात चोणकालाच जिताडा म्हणतात. अलिबाग-पेणच्या खारेपाटात भरतीबरोबर आलेली त्याची पिल्ले शेतातल्या आणि घरामागच्या तळ्यांत टाकून मोठी करण्याची जुनी चाल आहे. या माशाचे आयुष्यच खाजणाला अनुकूल आहे. प्रौढ मासे खाडीच्या मुखाशी खाऱ्या पाण्यात अंडी घालतात, पिल्ले मचूळ आणि गोड्या पाण्यात वाढायला आत येतात. बहुतेक जिताडे आधी नर असतात आणि काही वर्षांनी मादी होतात. मोठी, वजनदार मादी पुन्हा मुखाकडे गेली नाही तर पुढची पिढी नाही. म्हणजे खाजणाच्या दाराला केवळ आत घेणे पुरेसे नसते, काहींना बाहेरही सोडावे लागते. पाहुण्याच्या पानात जिताडा वाढणाऱ्या घराला हे माहीत असो वा नसो, त्याच्या तळ्यातली पिल्ले दुसऱ्या कुठल्या तरी उघाडीतून निसटलेल्या मादीची असत.

मासळीचा मोठा भाग मानशीच्या तोंडाशी हाती लागे. रात्रीच्या ओहोटीला पाणी जोराने बाहेर पडू लागले की तिथे जाळे लावतात आणि पाण्याबरोबर वाहत आलेली कोळंबी व मासे त्यात अडकतात. या जागेचा हक्क गाव दरवर्षी लिलावाने देई, आणि तो पैसा बांधाकडे जाई. भात कुळाचे, मासळी ठेकेदाराची, बांध सगळ्यांचा: या तीन वाटण्यांचा तोल राखणारी संस्था म्हणजे गावकारी.

गावकारी ही मूळ वसाहत करणाऱ्या घराण्यांची सामाईक मालकीची व्यवस्था. जमीन गावाची, ती ठरावीक मुदतीने लिलावात कसायला द्यायची आणि उत्पन्नातून प्रथम बांध, मानस, देऊळ व गावचे बलुतेदार यांचा खर्च भागवायचा. उरले ते गावकारांत वाटायचे. पोर्तुगीजांनी तिसवाडी घेतल्यावर हा सारा कारभार समजून घेण्याची गरज पडली, कारण महसूल त्यावर अवलंबून होता. अफोंसो मेशिया या महसूल अधिकाऱ्याने १५२६ साली इथल्या रूढींची नोंद करून जी सनद काढली, तिच्यात चार माणसांनी ओसाड बेटावर येऊन मेहनतीने ते नांदते केल्याची दंतकथा आहे. राज्यकर्त्यांनी लोकांचा धर्म बदलला, देवळे पाडली, गावकारांची नावे बदलली. खाजणाच्या कारभाराला मात्र सहसा हात लावला नाही. गावकारीचे कोमुनिदाद झाले तरी बांधाचा खर्च त्याच वहीत राहिला. शेतकऱ्यांची बाऊस नावाची मंडळी प्रत्यक्ष देखरेख करी आणि बांध फुटल्यास प्रत्येक घराने किती माणसे पाठवायची हे ठरवी. या व्यवस्थेचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरली जाते: नफा वाटून घेणारे गावकार आणि कमरेएवढ्या चिखलात उभे राहणारे कष्टकरी सहसा एक नसत.

मिठागरेही खाजणाचाच भाग होती. उंच भाग भाताला, खारा भाग मिठाला. गोव्याचे मीठ दूरवर जात असे. २६ डिसेंबर १८७८ रोजी झालेल्या इंग्रज-पोर्तुगीज कराराने मुरगाव बंदर आणि रेल्वेच्या मोबदल्यात इंग्रजांना गोव्याच्या मिठावर ताबा मिळाला, आणि १८९२ पर्यंत चाललेल्या त्या करारात अनेक आगरांचे कंबरडे मोडले. बंद पडलेल्या आगराचा बांध कोणी राखत नाही. शेजारच्या भातखाजणालाही त्याची झळ बसते.

उत्तरेकडे रचना वेगळी होती. कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, शिलोत्री नावाचा धारा चालत असे. भांडवल घालून बांध बांधणारा तो शिलोत्रीदार. त्याबदल्यात तो कुळांकडून भात घेई आणि बांधाची डागडुजी त्याच्या अंगावर असे. मराठेशाहीत पडीक जमिनीप्रमाणे खारीलाही हळूहळू चढणाऱ्या साऱ्याच्या सवलतीचा इस्तावा देऊन लोकांना बांध घालायला प्रवृत्त केले जाई. पुढे शिलोत्रीदार आणि खोत भाताचा वाटा चोख वसूल करत राहिले, डागडुजी मात्र कुळांच्या वेठीवर ढकलली गेली. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी जमीन न कसण्याचा निर्धार केला आणि तो १९३९ पर्यंत टिकवला. सुमारे २५ गावे त्यात होती. डॉ. आंबेडकरांनी या संपाला उघड पाठिंबा दिला. भातशेतीच्या इतिहासात एवढा दीर्घ संप विरळा, आणि तो खारेपाटात झाला हा योगायोग म्हणता येणार नाही. दुष्काळी मुलखातल्या कुळाला पीक सोडले की उपासमार गाठते. इथे खाडीत निवट्या, चिंबोऱ्या, कोळंबी होती, मिठागरावर मजुरी होती. खोताची मालकी शेतापुरती होती. भरतीबरोबर येणारे अन्न त्याच्या सातबाऱ्यावर नव्हते.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९४८ साली खारजमीन कायदा केला, महाराष्ट्राने १९७९ साली नवा. बांध सरकारी योजनेत आले. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने पनवेल-१, पनवेल-२ आणि पनवेल-३ या क्षारसहनशील जाती दिल्या. पण निविदा निघून ठेकेदार येईपर्यंत दोन उधाणे होऊन जातात, आणि खेकडा निविदेची वाट पाहत नाही.

गोव्यात बदल अधिक झपाट्याने झाला. १९६४ चा कूळ कायदा आणि १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कसणाऱ्याला मालकी दिली. सामाजिक न्यायाच्या दृष्टीने ते अपुरे का होईना, आवश्यक पाऊल होते. बांधाच्या दृष्टीने त्यात एक फट राहिली. कोमुनिदादकडून जमीन गेली तसा तिचा बांधावरचा रसही गेला. कुळांच्या संघटनांवर जबाबदारी आली, पण प्रत्येकाचा तुकडा वेगळा आणि अनेकांची मुले पणजी, मुंबई किंवा आखाती देशांत. जया, ज्योती अशा जातींनी कोरगुट मागे सारला, आणि त्यांना खारेपणा सोसत नसल्यामुळे एखादी छोटी गळतीही आता पिकाला बाधू लागली. नदीतून लोहखनिज वाहणाऱ्या बार्जेसच्या लाटा बांधाच्या पायाला दिवसरात्र धडकत. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने खाणी थांबल्या, तोपर्यंत अनेक ठिकाणचा बाहेरचा बांध खचला होता. १९९० च्या दशकात कोकण रेल्वेचा मार्ग खाजणांतून नेण्यावरून गोव्यात मोठे आंदोलन झाले ते याच धास्तीने, की रेल्वेचा भराव पाण्याचे जुने रस्ते तोडील.

खरा तोल बिघडवला तो मासळीच्या भावाने. कोळंबीला भाव आल्यावर मानशीच्या लिलावाची बोली भाताच्या उत्पन्नाला मागे टाकू लागली. ठेकेदाराला झडप जास्त वेळ उघडी हवी, भातवाल्याला बंद. पोंय खोल आणि रुंद झाली, आतले पाणी वर्षभर खारे राहू लागले, आणि काही ठिकाणी बांध फुटला नाही, तो फोडला गेला. शेत बुडाल्यावर शेतकऱ्याने पीक सोडले, पीक सोडल्यावर बांध राखण्याचे कारण उरले नाही. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने किनारपट्टीवरील औद्योगिक कोळंबीशेतीला चाप लावला, पण पारंपरिक पद्धतीची मासेमारी त्यातून वगळलेली होती. आणि पारंपरिक मानस किती वेळ उघडी ठेवल्यावर औद्योगिक होते, हे कोणत्याही निकालात लिहिलेले नाही.

बुडालेल्या शेतात पहिल्यांदा येते ते तिवराचे बी. कांदळाचे शेंगेसारखे रोप तर झाडावरच उगवून खाली पडते आणि पाण्याबरोबर तरंगत मिळेल त्या चिखलात उभे राहते. पाच-सात वर्षांत जिथे कोरगुट डोलत होता तिथे गच्च कांदळवन असते. निवट्या परत येतात, बगळे घरटी करतात, पाणमांजरांना आडोसा मिळतो, कुर्ल्यांची बिळे पुन्हा कोणाला सलत नाहीत. १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने कांदळवनाला संरक्षण दिले. महाराष्ट्रात मुंबई उच्च न्यायालयाने २००५ आणि २०१८ च्या आदेशांनी ते अधिक कडक केले. परिणामी जुनी खांड बुजवून भात पुन्हा लावू पाहणाऱ्या शेतकऱ्याला आपल्याच शेतातले झाड तोडता येत नाही. गोव्यातील खाजणांसाठी नियमांत वेगळी कलमे आली, पण बांधाच्या अंगावर रुजलेले रोप आणि बांधाबाहेर राखलेली रांग यांत बाऊसने केलेला जुना भेद अधिसूचनेच्या भाषेत बसत नाही.

जिथे शेती टिकली आहे तिथे लाकडी फळ्यांच्या जागी बहुतेक ठिकाणी सिमेंट आणि लोखंडाचे दरवाजे आले आहेत. खाऱ्या पाण्यात लोखंड गंजते आणि दरवाजा अर्धवट उघडा अडकतो. लाकडी फळी कुजली की गावचा सुतार ती एका ओहोटीत बदलून देई. अशा अडकलेल्या दाराच्या फटीतून भरतीला आत जाणारी कोळंबी पकडायला संध्याकाळी कोणी ना कोणी जाळे लावून बसलेला असतोच. बांधावरची रोजची फेरी मात्र त्याच्या कामात येत नाही.